जहाजाचा एकच भाव सांगा

क्रूझच्या जाहिरातीत भाड्याचा आकडा ठसठशीत असतो आणि त्याच्या खांद्यावर एक बारीकशी चांदणी असते. त्या चांदणीचा खुलासा तळाशी, डोळे बारीक करून वाचावा लागेल अशा अक्षरांत दिलेला असतो : भाडे माणशी, तेही एका खोलीत दोघे राहिल्यास, ‘पासून पुढे’, कर आणि बंदर शुल्क वेगळे. दिवाळी आणि उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर या जाहिराती मुंबई-पुण्याइतक्याच जालन्याजवळच्या राजूरच्या मोबाइलवरही येऊन पडतात. समुद्र आता मराठवाड्याला पूर्वीइतका लांब राहिलेला नाही. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, पुढे ती नांदेडपर्यंत वाढली. सकाळी जालना सोडणारा माणूस दुपारी सीएसएमटीला उतरतो आणि तिथून क्रूझचा धक्का, बॅलार्ड पिअर, टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. जालन्याच्या सळईत, बियाण्यांत किंवा मोसंबीत ज्यांच्या हाती चार पैसे राहतात, ज्यांची मुले पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहेत, अशी घरे आता काश्मीर-केरळनंतर जहाजाचा विचार करतात. मग प्रश्न येतो तो ठरलेला : मुंबईहून सुटणारी कॉर्डेलिया बरी, की सिंगापूरला जाऊन तिथले मोठे जहाज धरलेले बरे? सेवा कुठे चांगली, पैसे कुठे वसूल होतात? माझे म्हणणे असे की, हा प्रश्न आज सरळपणे सोडवताच येत नाही. सेवेची तुलना नंतरची गोष्ट. तुलनेला लागणारा पहिला आकडा, म्हणजे घरातून निघून घरी परत येईपर्यंतचा पूर्ण खर्च, विकणारा सांगत नाही आणि त्याने तो सांगावा अशी सक्ती आपण केलेली नाही.

ज्याने मोंढ्यात माल घातला आहे त्याला यातली मेख समजायला वेळ लागणार नाही. लिलावात पुकारलेला भाव आणि हिशेबपट्टीवर हमाली-तोलाई वजा होऊन हाती पडलेली रक्कम यांत अंतर असते, हे त्याला पाठ असते. म्हणून तो भाव विचारतो आणि लगेच ‘हातात किती’ हेही विचारतो. क्रूझवर हे अंतर उलट दिशेने वाढते. भाड्यावर बंदर शुल्क चढते, मग कर. परदेशी जहाज असेल तर कर्मचाऱ्यांसाठीची बक्षिसी रोजच्या दराने आपोआप लागते. मोठ्या अमेरिकी कंपन्यांचा हा दर साधारण माणशी रोज १६ ते २० डॉलरच्या घरात आहे आणि तो लहान मुलांनाही लागतो. मधला १८ डॉलर धरला तरी चौघांच्या कुटुंबाचे तीन रात्रींचे २१६ डॉलर होतात, म्हणजे अठरा-एकोणीस हजार रुपये. आणि ही रक्कम जाहिरातीतल्या आकड्यात नसते. इंटरनेट वेगळे, शीतपेये आणि मद्य वेगळे, मुख्य भोजनगृहाखेरीजच्या खास उपाहारगृहांचे पैसे वेगळे, बंदरावर उतरून केलेली सहल वेगळी. परदेशी पॅकेज घेतले तर टीसीएसची, म्हणजे विकणारा आगाऊ वसूल करतो त्या आयकराची, रक्कम आधी भरा आणि विवरणपत्रात नंतर मागा. यावर राजूरच्या माणसाची स्वतःची भर असते : जालन्यापर्यंतची गाडी, रेल्वे, आणि गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही म्हणून आदल्या दिवशीच मुंबईत पोचून केलेला मुक्काम. दोन रात्रींच्या क्रूझला चार दिवस जातात, ते असे.

हे सगळे कुणी विसरल्यामुळे राहून गेलेले नाही. क्रूझच्या धंद्याची बांधणीच तशी आहे. रॉयल कॅरिबियन समूहाचे २०२३ चे उत्पन्न सुमारे १,३९० कोटी डॉलर होते. त्यातले जवळपास ४३० कोटी तिकिटांचे नव्हते, जहाजावरच्या आणि इतर खर्चाचे होते. कार्निव्हलचे त्याच वर्षीचे उत्पन्न सुमारे २,१६० कोटी आणि त्यात असा वाटा जवळपास ७५० कोटींचा. म्हणजे एका कंपनीत तीनदशांश, दुसरीत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसा प्रवासी जहाजावर चढल्यानंतर किंवा तिकिटाच्या बाहेर मिळतो. अशा धंद्यात तिकीट स्वस्त ठेवणे हे दुकानाचे दार उघडे ठेवण्यासारखेच असते. चढताना हातात जे प्लास्टिकचे कार्ड मिळते तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पाकीट. रोख पैसे चालत नाहीत, कॉफीपासून फोटोपर्यंत सगळ्याला कार्ड टेकवायचे. नोट मोडताना हात जसा थबकतो तसा कार्ड टेकवताना थबकत नाही, हे विकणाऱ्याला चांगले ठाऊक आहे. हिशेब शेवटच्या रात्री समोर येतो आणि सकाळी, बॅगा आधीच खाली गेलेल्या असताना, स्वागतकक्षापुढे शंका विचारणाऱ्यांची रांग लागते. सेवा किती हसतमुख होती याचा विचार करायची ती वेळ नसते.

छुप्या भाड्याची ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यावरचा उपायही कुठे कुठे झालेला आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकात ‘पोर्ट चार्जेस’ या नावाखाली बंदराला न दिलेले पैसेही वसूल होत असल्याचे उघड झाले, तेव्हा फ्लोरिडा राज्याच्या ॲटर्नी जनरलने १९९७ मध्ये सहा क्रूझ कंपन्यांकडून लेखी हमी घेतली : सरकारी संस्थांना प्रत्यक्ष द्यावी लागणारी रक्कमच या नावाने वेगळी दाखवायची, बाकीचे सगळे भाड्यात. त्याने अर्धे काम झाले. उरलेले व्हायला २०२४ उजाडले. त्या वर्षी १ जुलैपासून कॅलिफोर्निया राज्यात प्रामाणिक किमतीचा कायदा लागू झाला आणि रॉयल कॅरिबियन, कार्निव्हलसारख्या कंपन्यांनी कर-शुल्कासह आकडा दाखवायला सुरुवात केली. कायदा एका राज्याचा, पण बदल कंपन्यांनी सगळ्या अमेरिकेसाठी केला, कारण दोन प्रकारच्या जाहिराती सांभाळण्यापेक्षा एक सोपी. बक्षिसीच्या बाबतीत तर कायद्याचीही गरज पडली नाही. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ मध्ये रोजची बक्षिसी बंद केली आणि ती भाड्यात मिळवून टाकली. ती कंपनी त्यामुळे बुडाली नाही. तेव्हा ‘जगभर असेच चालते’ हे उत्तर आता खरे नाही. जगभर तसे चालत होते. जिथे कुणी विचारले तिथे बदलले.

पूर्ण खर्च कळला की मग सेवेची तुलना करता येते, आणि तीही ब्रोशरमधल्या विशेषणांशिवाय. जहाजाचे सकल टनेज म्हणजे त्याचे वजन नव्हे, आतल्या बंदिस्त जागेचे माप. त्याला प्रवासीसंख्येने भागले की माणशी जागा कळते. हा एक भागाकार बऱ्याच भूलथापा उघड्या पाडतो. कॉर्डेलियाचे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० मध्ये फ्रान्समध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून बांधले गेले. सुमारे ४८,५०० टन, आणि रॉयल कॅरिबियनकडे असताना एका खोलीत दोन या हिशेबाने सुमारे १,६०० प्रवासी. म्हणजे माणशी ३०. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईहून देशांतर्गत फेऱ्या सुरू करणारे ‘कोस्टा सेरेना’ सुमारे १,१४,५०० टन आणि १,५०० खोल्या, म्हणजे माणशी ३८. सिंगापूरचे ‘गेंटिंग ड्रीम’ दीड लाख टनांचे आणि ३,३५२ प्रवाशांचे, माणशी ४५ च्या आसपास. इथपर्यंत निकाल सरळ दिसतो : मोठे आणि नवे जहाज जास्त ऐसपैस. पण गंमत पुढे आहे. आशियात फिरणारे रॉयल कॅरिबियनचे ‘स्पेक्ट्रम ऑफ द सीज’ १,६९,३७९ टनांचे आहे. खोलीत दोघे धरले तर ४,२४६ प्रवासी आणि माणशी ४०. शाळांना सुट्टी लागली, प्रत्येक खोलीत तिसरा-चौथा पलंग उघडला आणि जहाज ५,६२२ जणांनी पूर्ण भरले, की हाच आकडा ३० वर येतो. म्हणजे मे महिन्यात जादा पैसे मोजून नव्या, चकचकीत जहाजावर गेलेल्या कुटुंबाच्या वाट्याला तेवढीच जागा येऊ शकते, जेवढी तीन दशकांहून जुन्या जहाजावर एरवी येते. लिफ्टसमोरची गर्दी, पोहण्याच्या तलावाकाठची खुर्ची, सकाळच्या नाश्त्याची रांग हे सगळे त्या भागाकारातून निघते, आणि सेवा म्हणजे बऱ्याच अंशी तेच असते. जहाज कोणते याआधी ‘आमच्या तारखेला किती भरले आहे’ हे विचारायला हवे. हे कुणी सांगत नाही, आणि विचारतही नाही.

लहान जुन्या जहाजाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. देशांतर्गत फेरीला पासपोर्ट-व्हिसा लागत नाही; ज्या घरात आजी-आजोबांचे पासपोर्ट काढण्यापासून तयारी असते तिथे ही मोठी बचत आहे, पैशांची आणि दगदगीचीही. बोलायला हिंदी चालते. शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय ही मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांनी सुरुवातीपासून आपली जमेची बाजू मानली आहे. जिथे अंगारकीला जालना, संभाजीनगर, बुलढाण्यातून लोटणारी गर्दी राजुरेश्वराच्या दर्शनाला रांग धरते, त्या गावच्या माणसाला प्रवास चतुर्थीच्या दिवशी आला तर उपवासाची भगर मिळेल का, हा प्रश्न जहाजावर किती उपाहारगृहे आहेत यापेक्षा जवळचा असतो. पण एम्प्रेसवर बाल्कनीच्या खोल्या थोड्या आहेत, आतल्या खोल्या लहान, आणि चौघांनी एका खोलीत राहायचे तर रात्री पलंग उघडल्यावर बॅग ठेवायला जागा शोधावी लागते. हेही त्याच किमतीत धरावे लागते. कुणी याला दोष म्हणेल, कुणी म्हणेल खोलीत बसायला कोण जाते. दोघांचेही बरोबर आहे, फक्त आधी माहीत असावे.

इथे मराठी टूर कंपन्यांचा उल्लेख केला पाहिजे. केसरी, वीणा वर्ल्ड यांच्या सिंगापूर-मलेशियाच्या काही सहलींत क्रूझ हा एक टप्पा असतो. विमान, व्हिसा, हॉटेल, जहाज आणि सोबत मराठी बोलणारा टूर मॅनेजर असा गठ्ठा विकला जातो. शहरी, सराईत प्रवासी याला नाक मुरडतात : स्वतः बुकिंग केले तर स्वस्त पडते. पडतही असेल. पण मध्यमवर्गीय मराठी माणूस या गठ्ठ्याकडे वळतो ते आळसाने नव्हे. त्याला बऱ्यापैकी शेवटापर्यंतचा एक आकडा हवा असतो, आणि ज्याला मराठीतून जाब विचारता येईल असा एक माणूस हवा असतो. बाजाराने जो एक भाव सांगायला हवा होता, तो सांगण्याचे काम मधल्या कंपनीने घेतले आणि त्याचे पैसे लावले. म्हणजे लपवाछपवीची किंमत प्रवासी दोनदा देतो.

पैशांइतकीच महत्त्वाची दुसरी तुलना कुणी करत नाही, ती म्हणजे बेत फसला तर काय. शांत समुद्रात सगळीच जहाजे चांगली असतात. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलियाच्या फेरीत ६६ जणांना करोनाची लागण निघाली आणि प्रवाशांना गोव्यात न उतरता मुंबईला परतावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये चेन्नईहून निघालेल्या जहाजाला पुदुच्चेरी सरकारने जुगाराच्या मुद्द्यावरून बंदराची परवानगी नाकारली. दोन्ही वेळा कंपनीला दोष देणे सोपे आहे आणि बरोबर नाही. साथ आणि सरकार कुणाच्या हातात नसते. प्रश्न एवढाच की, ज्या बंदराच्या नावाने तिकीट विकले ते बंदर गाळले गेले तर प्रवाशाला काय परत मिळेल, हे पैसे भरण्याआधी त्याला कळते का? कराराच्या अटींत बहुतेक कंपन्या मार्ग बदलण्याचा हक्क स्वतःकडे ठेवतात. आणि कंपनीच उरली नाही तर? जलेश क्रूझेसने एप्रिल २०१९ मध्ये मुंबईतून ‘कर्णिका’ जहाज चालवायला घेतले, भारतीय प्रवाशांसाठी भारतीय क्रूझ असा गाजावाजा झाला. २०२० मध्ये साथीच्या तडाख्यात कंपनी बंद पडली, जहाजाचा न्यायालयामार्फत लिलाव झाला आणि ते अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाले. हे नवख्यांचेच होते असेही नाही. ‘ड्रीम क्रूझेस’ची मालक गेंटिंग हाँगकाँग ही मोठी कंपनी जानेवारी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली, आज सिंगापुरात ‘गेंटिंग ड्रीम’ चालवणारी रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस त्यानंतर उभी राहिली. अमेरिकेत याची तजवीज १९६६ च्या कायद्यापासून आहे : तिथल्या बंदरातून प्रवासी घेणाऱ्या कंपनीने फेरी न झाल्यास पैसे परत करण्याची आर्थिक हमी आधी दाखवायची. २०२२ मध्ये नियम आणखी नेमका झाला. फेरी रद्द झाली किंवा तीन दिवस वा अधिक लांबली की प्रवासी परतावा मागू शकतो. अशी हमी हाही सेवेचाच भाग आहे, आणि तो रात्रीच्या नाचगाण्यापेक्षा महाग आहे.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार : सगळे भाड्यात घातले तर न पिणाऱ्याने पिणाऱ्याचे पैसे का भरावेत? भरू नयेत. मद्य, खास जेवण, किनाऱ्यावरची सहल हे ऐच्छिक आहे आणि ते वेगळेच असावे. माझी मागणी फक्त अटळ खर्चाची आहे : जे टाळून जहाजावर चढताच येत नाही ते कर, शुल्क आणि आपोआप लागणारी बक्षिसी पहिल्याच आकड्यात हवी. दुसरा आक्षेप असा की, नियम कागदावर राहतात. खासगी ट्रॅव्हल्सचे भाडे एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त नसावे असा शासन निर्णय २७ एप्रिल २०१८ चा आहे, आणि दिवाळीत पुण्याहून जालन्याला येणाऱ्यांना त्याचे काय होते ते विचारा! आक्षेप खरा आहे, पण तो भावाच्या मर्यादेला लागू पडतो. भावाला मर्यादा घातली की काळाबाजार होतो. भाव पूर्ण सांगायला लावला तर काळाबाजार कशाचा होणार? कंपनीने हवे तेवढे भाडे लावावे, फक्त ते लपवू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ऑनलाइन फसवणुकीचे १३ प्रकार दिले आहेत आणि थेंबाथेंबाने किंमत वाढवत नेणे हा त्यातलाच एक. उपाहारगृहांनी सेवाशुल्क सक्तीने लावू नये, हे त्याच प्राधिकरणाचे म्हणणे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरले. उपाहारगृह जमिनीवर असले की ग्राहकाला हक्क आणि पाण्यावर तरंगू लागले की नाही, याला काही तर्क नाही.

तिसरा आक्षेप राजूरमध्येच ऐकू येईल : ज्याच्याकडे क्रूझला जायला पैसे आहेत त्याची काळजी आपण कशाला करायची? कापसाच्या भावाचे आणि पाण्याचे प्रश्न पडलेले असताना हा श्रीमंतांचा चोचला. यातला राग समजतो, पण हिशेब चुकतो. क्रूझचा व्यवसाय सरकारी पैशांवरही वाढतो आहे. २०२० मध्ये केंद्राने क्रूझ जहाजांचे बंदर दर ६० ते ७० टक्क्यांनी कमी केले. प्रवाशामागचे शुल्क पाच डॉलर ठरवले. ३० सप्टेंबर २०२४ ला ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर झाले. २० सप्टेंबर २०२५ ला पंतप्रधानांनी मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन केले. खर्च सुमारे ५५६ कोटी, त्यात मुंबई बंदर प्राधिकरणाचा मोठा वाटा, आणि वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळण्याची क्षमता. दहा लाख प्रवासी हे काही श्रीमंतांचे गणित नव्हे. ते गणित मध्यमवर्गाचे आहे, हप्त्याने सहल घेणाऱ्यांचे, निवृत्तीची रक्कम हाती आल्यावर एकदाच जाणाऱ्यांचे. चूक पचवायची ताकद त्यांच्यातच सर्वांत कमी असते.

सवलतीच्या दराचा धक्का देताना अट घालणे हा बंदराच्या मालकाचा साधा हक्क आहे. मुंबई, मोर्मुगाव, कोची, चेन्नई ही बंदरे एकाच केंद्रीय मंत्रालयाखाली येतात, त्यामुळे त्यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबायचेही कारण नाही. हंगामाचे धक्के वाटून देतानाच लिहून घ्यावे : भारतीय बंदरातून सुटणाऱ्या प्रत्येक फेरीची जाहिरात अटळ खर्चासह एका आकड्यात, बंदर शुल्क म्हणून प्रवाशाकडून घेतलेले पैसे आणि बंदराला दिलेले पैसे यांचा मेळ, गाळलेल्या बंदराचा आणि रद्द झालेल्या फेरीचा परतावा किती दिवसांत ते तिकिटावर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत, आणि आगाऊ घेतलेल्या रकमेपोटी बँक हमी. पावसाळ्यात मुंबईच्या समुद्रातली क्रूझ थांबते, जहाजे चेन्नईकडे वळतात, आणि पुढच्या हंगामाचे करार व्हायला तेवढा अवधी मिळतो. तोवर बुकिंग करणाऱ्याने एजंटाकडून तीन गोष्टी व्हॉट्सअॅपवर लिहून घ्याव्यात : चौघांचे मिळून एकूण किती, त्या तारखेला जहाज किती भरले आहे, आणि फेरी रद्द झाली तर किती परत. लिहून द्यायला जो कचरेल त्याच्याकडे पैसे भरू नयेत.